एन्झाइम जिवंत होतं

नरहर पिंपळखुटे यांचा डावा डोळा मी फोडला. अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमध्ये, लखनौच्या आमच्या प्रयोगशाळेत, दुपारी अडीच वाजता, बाटली फेकून फोडला. ज्या एन्झाइमची त्यांनी वाट लावली म्हणून मी त्यांच्यावर तुटून पडलो, ते एन्झाइम ठणठणीत होतं. हे मला तेरा दिवसांनी कळलं. तोवर त्यांचा डोळा गेला होता, माझा हात मोडला होता आणि सरकारी कागदावर सगळा दोष त्यांच्या नावावर चढला होता.

मी साताऱ्याकडचा, चारुदत्त शेडगे. आमच्या घरात रागाचं कौतुक असायचं. वडील जेवता जेवता ताट भिरकावायचे आणि आई पाहुण्यांना सांगायची, ह्यांचा राग म्हणजे वादळ, आलं तसं निघून जातं. थोरला भाऊ पट्ट्याचा मार खाऊन बेशुद्ध पडला तेव्हाही वादळच आलं होतं. मी तेवढं एक नेमकं उचललं. लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीत आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. तिथे कांचनने, माझ्या बायकोने, लग्नानंतर दोन वर्षांतच काचेचे ग्लास आणणं सोडून दिलं. आमच्याकडे सगळं स्टीलचं, म्हणजे फार तर पोचा पडायचा. प्रयोगशाळेत मी एका विद्यार्थ्याच्या बोटांवर लाकडी पट्टी मोडली होती, दुसऱ्याची वही खिडकीतून खाली फेकली होती. तरी लोक म्हणायचे, शेडगेसाहेब तापट आहेत पण मनाने चांगले. मलाही ते खरं वाटायचं.

आता एन्झाइमचं सांगतो. आपल्या पेशीत रोज कत्तल चालते. जुनी, बिघडलेली, नको झालेली प्रथिनं धरून त्यांचे तुकडे केले जातात. ज्याला मारायचं त्याच्यावर आधी एक खूण चिकटवली जाते, तिचं नाव युबिक्विटिन. ही खूण नुसती असून भागत नाही. तिला आधी जागं करावं लागतं, आणि ते काम एक एन्झाइम करतं. ते नसेल तर पुढचं सगळं ठप्प. माणसातलं हे एन्झाइम किड्याच्या पेशींत जनुक घालून तयार करता येऊ लागलं होतं. माझ्या अमेरिकेतल्या जुन्या गुरूंनी त्यातलं थोडं मला द्यायचं कबूल केलं. परवानग्यांमध्ये दोन वर्षं गेली. शेवटी जे आलं ते एका करंगळीएवढ्या नळीत होतं, तळाशी एक थेंब. ते उणे सत्तरला ठेवायचं, आणि एकदा वितळलं की पुन्हा गोठवायचं नाही.

ते दिल्लीच्या कस्टममध्ये अडकलं तेव्हा आणायला नरहरकाका गेले. ते आमचे टेक्निकल असिस्टंट. मूळचे वर्ध्याचे, पण सव्वीस वर्षं लखनौत काढलेली, घर अलीगंजला, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला साहेब. दिल्लीत ते दोन दिवस कस्टमच्या बाकावर बसून राहिले. खोक्यातला सुका बर्फ संपत आला तेव्हा एका आइस्क्रीमच्या डेपोत जाऊन हातापाया पडले आणि नवा बर्फ भरून घेतला. परतीच्या गाडीत खोकं मांडीवर धरून बसले. लखनौला पोचल्यावर त्यांनी ते माझ्यासमोर उघडलं तेव्हा आतून पांढरा धूर निघत होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

त्यांनी त्याच दिवशी त्या थेंबाचे वीस भाग केले, वीस नळ्या जनरेटरवरच्या मोठ्या फ्रीझरमध्ये लावल्या आणि मला यादी दिली. मी प्रयोग केला. एन्झाइम, खूण, ज्याला मारायचं ते प्रथिन, आणि एटीपी, म्हणजे एन्झाइमचं इंधन. सगळं नीट चाललं तर एक्स-रेसारख्या फिल्मवर काळ्या पट्ट्यांची शिडी दिसते. माझी फिल्म कोरी निघाली. दुसऱ्यांदाही कोरीच. तिसरी मी उजेडात धरली तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली.

आमच्या प्रयोगशाळेत दुपारी वीज जायची. जनरेटरवर चालणारे सॉकेट लाल रंगाचे होते, बाकीचे पांढरे. माझ्या खोलीत लाल सॉकेट एकच होतं आणि त्यावर माझा छोटा फ्रीझर असायचा. मे महिन्यात लू, तिकडचा उन्हाळी गरम वारा, इतकी पेटली की खिडकीच्या गजांना हात लावता येईना. मी फ्रीझरचा प्लग काढून पांढऱ्या सॉकेटमध्ये घातला आणि लालवर माझा कूलर लावला. नरहरकाका म्हणाले होते, साहेब, हे बरोबर नाही, रोज तीन-तीन तास लाइट नसते. मी म्हणालो, त्यात काय अमृत ठेवलंय का, साधे क्षार आहेत. त्यात एटीपीही होतं. मीच महिनाभरापूर्वी नुसत्या पाण्यात विरघळवून ठेवलेलं. ते रोज दुपारी वितळत होतं, उकाड्यात पडून राहत होतं आणि संध्याकाळी पुन्हा गोठत होतं. माझ्या ते डोक्यातही आलं नाही. माझ्या डोक्यात दिल्लीहून येणारी गाडी होती.

त्या दुपारी मी काकांना हाक मारली, काका म्हणून नव्हे, नुसतं नरहर म्हणून. ते टेबलापाशी आले. मी फिल्म त्यांच्या तोंडावर फेकली आणि विचारलं, गाडीत झोपला होतात ना. ते म्हणाले, नाही. मी म्हणालो, बर्फ संपला आणि तुम्ही लपवलंत. ते म्हणाले, साहेब, धूर तुम्ही स्वतः पाहिलात. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्यानेच माझं डोकं आणखी फिरलं. मी त्यांची कॉलर धरली आणि त्यांना मागच्या कपाटावर आदळलं. वरून बीकर पडून फुटले. मी थप्पड मारली. चष्मा उडून सिंकमध्ये पडला. दुसरी थप्पड कानावर बसली. पन्नाशी उलटून गेलेला माणूस, माझ्या वडिलांपेक्षा थोडाच लहान. त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले आणि ते तसेच उभे राहिले.

मग मी बाटली फेकली. ती त्यांच्या भुवईवर फुटली. ते ओरडले नाहीत, खाली बसले. बोटांतून रक्त आलं, कोपरापर्यंत गेलं, पांढऱ्या कोटावर पसरलं. शेजारच्या प्रयोगशाळेतून डॉ. मनीषा धावत आल्या. नागपूरच्या, माझ्याच वयाच्या, कामाला माझ्यापेक्षा सरस. त्यांनी काकांचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुम्ही बाहेर जा. मी बाहेर गेलो. पायऱ्यांवर बसलो, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही मला वाटत होतं की माझं नुकसान जास्त झालंय.

डोळ्यांच्या वॉर्डात त्यांच्या डोळ्यातून काच काढली. चौथ्या दिवशी डोळाच काढावा लागला.

संचालकांनी मला बोलावून घेतलं आणि पंखा बंद करून बोलले. पोलीस नकोत, वर्तमानपत्र नको. एक निवेदन तयार झालं. त्यात असं, की नरहर पिंपळखुटे यांच्या निष्काळजीपणामुळे परदेशी एन्झाइम खराब झालं, आणि त्यानंतर बाटली हाताळताना ती त्यांच्याच हातून फुटून इजा झाली. दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात उरकल्या होत्या. काकांनी सही केली तर उपचार संस्थेकडून होणार होते आणि रिटायर होईपर्यंत नोकरी शाबूत राहणार होती. नाही केली तर चौकशी, आणि चौकशीत साहेबाचा शब्द की असिस्टंटचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी वॉर्डातल्या खाटेवरच सही केली. मला ताकीद मिळाली, तोंडी. मी घरी येऊन कांचनला सांगितलं की हाताला आली ती बाटली फेकली गेली, नेम नव्हता. संचालकांनाही तेच सांगितलं होतं. मला आठवतही तसंच होतं.

 कांचनने त्या रात्री माझं ताट वाढलं आणि स्वतः शेजाऱ्यांकडे जाऊन बसली.

आठव्या दिवशी सकाळी मी कपूरथला चौकाजवळ दूध आणायला गेलो. दोन स्कूटर आडव्या आल्या. पहिलीवरून नरहरकाकांचा मुलगा ऋषभ उतरला. विद्यापीठात शिकणारा, बावीस वर्षांचा. मराठी सगळं कळतं, पण उत्तर देणार हिंदीत. महाराष्ट्र समाजाच्या गणपतीत तो झांज वाजवायचा, मीच त्याच्या हातावर मोदक ठेवलेले. त्याच्याबरोबर दोघे मित्र होते. एकाच्या हातात हॉकी स्टिक होती. दूधवाल्याने कॅन आत ओढला आणि शटर अर्धं खाली घेतलं.

पहिला फटका पोटरीवर बसला आणि मी गुडघ्यावर आलो. दुधाची पिशवी फुटली. एकाने पाठीत लाथ घातली, दुसऱ्याने केस धरून तोंड रस्त्याच्या कडेच्या पुलियावर, नाल्यावरच्या सिमेंटच्या कठड्यावर, दाबलं. सिमेंटची चव अजून आठवते. मग ऋषभ माझ्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने अगदी हळू विचारलं, "अंकल, किस हाथ से फेंका था?"

मी उजवा हात पुढे केला. का केला, कुणास ठाऊक. खोटं बोलायची सवय नव्हती म्हणून नव्हे. त्याच्या आवाजाला नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनी हात पुलियावर आडवा धरला. ऋषभने स्टिक घेतली. पहिल्या फटक्याला मी किंचाळलो. दुसऱ्याला हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, वेदना नंतर आली. तिसरा फटका त्याने मारला नाही. स्टिक नाल्यात टाकून तो रडत स्कूटरवर बसला. आजूबाजूला वीस माणसं तरी असतील. एकही पुढे आला नाही, आणि माझ्यासाठी यावं असं मी काय केलं होतं?

पोलिसांत मी गेलो नाही. स्कूटर घसरली म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं. कांचनने फक्त एवढंच विचारलं, ऋषभ होता का. मी होकारार्थी मान हलवली. तिने हात गळ्यात बांधायची पट्टी घट्ट केली, जरा जास्तच घट्ट.

तेराव्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेलो. डॉ. मनीषा माझ्या खोलीत आल्या आणि टेबलावर एक फिल्म ठेवली. तिच्यावर शिडी होती, खालपासून वरपर्यंत, एकेक पायरी मोजून घ्यावी अशी स्वच्छ. मी विचारलं, हे कोणतं एन्झाइम. त्या म्हणाल्या, तुमचंच, काकांनी लावलेल्या नळ्यांपैकी सातवी. एन्झाइमला काही झालेलं नाही. फक्त एटीपी मी माझं ताजं घातलं, त्या म्हणाल्या. हे त्यांनी संचालकांना सकाळीच सांगितलं होतं. संचालक म्हणाले, फाईल बंद झालीय, आणि जोपर्यंत शेडगे स्वतः काही लेखी देत नाहीत तोपर्यंत ती बंदच राहील.

त्या गेल्या. पंधरा मिनिटांनी वीज गेली. जनरेटर सुरू झाला आणि माझा कूलर पुन्हा घोंघावायला लागला. फ्रीझर मात्र बंद होता. मी डाव्या हाताने त्याचं दार उघडलं. आत पाणी साचलं होतं, नळ्यांचा डबा त्यात तरंगत होता. एटीपीची नळी मी हलवली. पाण्यासारखी पातळ, कोमट. मी तिथेच जमिनीवर बसलो. मग उठलो, कूलरचा प्लग काढला आणि फ्रीझरचा लाल सॉकेटमध्ये घातला, पटकन, दाराकडे बघत. म्हणजे पुरावा मिटवला. आपण कोण आहोत हे मला त्या क्षणी कळलं, आणि कळूनही मी प्लग तसाच ठेवला.

तीन दिवस मी गप्प होतो. गप्प राहण्यात फायदाच होता. एन्झाइम जिवंत होतं, वीस नळ्यांतल्या उरलेल्या नळ्यांवर माझा पेपर होणार होता. लेखी दिलं तर नोकरी जाणार, खटला होणार, कदाचित तुरुंगही. काकांचा डोळा काही परत येणार नव्हता. असं मी स्वतःला पटवत राहिलो. पण मला एकच दिसत होतं. सव्वीस वर्षं ज्या माणसाने दुसऱ्याची नळीसुद्धा वितळू दिली नाही, त्याच्या नावापुढे निष्काळजी हा शब्द त्याच्याच सहीनिशी लागला होता. तो खोडायचा तर मलाच खोडावा लागणार होता. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती. चौथ्या दिवशी मी डाव्या हाताने लिहायला बसलो. दोन पानांना दोन दिवस लागले.

रविवारी सकाळी अकरा वाजता मी अलीगंजला गेलो. दार विजयाताईंनी उघडलं, काकांच्या पत्नीने. या म्हणाल्या नाहीत, पण बाजूला झाल्या. पाणी आलं नाही. काका खुर्चीत बसले होते, डोळ्यावर हिरवी पट्टी, कपाळावर टाके. ऋषभ आतल्या दारात उभा होता. माझं प्लास्टर बघून त्याने नजर वळवली. मी म्हणालो, उद्या सकाळी हे संचालकांना देतोय, एक प्रत पोलिसांना. आधी तुम्ही ऐकावं.

काका म्हणाले, वाचा. ऋषभ, तूही बस.

कागद इंग्रजीत होता. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. एन्झाइम खराब झालं नव्हतं. श्री. पिंपळखुटे यांनी ते दिल्लीहून बर्फातच आणलं होतं. खराब झालं होतं ते मी ठेवलेलं एटीपी, कारण कूलर लावण्यासाठी मी फ्रीझरचा प्लग काढला होता, आणि त्यांनी मला तसं बजावलंही होतं. बाटली त्यांच्या हातून फुटली नाही, मी फेकली.

ऋषभ मध्येच म्हणाला, "मतलब पापा की ग़लती थी ही नहीं?"

 विजयाताईंनी पदर तोंडाशी नेला. मग मला कळलं की या पोराने माझा हात मोडला तेव्हाही त्याचा वडिलांवर विश्वास नव्हता. डोळ्याचा सूड त्याने घेतला होता, पण गाडीत त्यांचा डोळा लागला असणार, हे त्याने मनात धरूनच ठेवलं होतं, आणि काकांना ते माहीत होतं. इतके दिवस एकाच घरात ते दोघे तसे वावरत होते. ऋषभ खाली जमिनीवर बसला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. फक्त खुर्चीच्या हातावरची त्यांची बोटं जरा सैल झाली.

"पुढचं वाचा," ते मला म्हणाले.

मी शेवटचं वाक्य वाचलं. रागाच्या भरात, हाताला लागली ती बाटली मी फेकली, नेम धरलेला नव्हता.

"हे खोटं आहे," काका म्हणाले.

मी म्हणालो, काका, मला एवढंच आठवतंय.

"मला सगळं आठवतं. चष्मा नव्हता, पण दोन हातांवरचं दिसतं मला. तुम्ही आधी विलायती सीरमची बाटली उचलली होती. उचलली, लेबल वाचलं आणि परत टेबलावर ठेवली, नीट ठेवली." ते एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिले. "मला वाटलं, साहेबांचा राग गेला. म्हणून मी तोंडावरचे हात काढले."

ते बोलले आणि मला सगळं दिसलं. हिरव्या झाकणाची ती बाटली, तिचं लेबल, आणि डोक्यात आलेला विचार, स्पष्ट, थंड, ही नको, ही पुन्हा मिळायला सहा महिने लागतील. शेजारी साध्या सलाईनची होती, आमच्या इथेच बनवलेली. वादळ वगैरे काही आलं नव्हतं. माझं डोकं शाबूत होतं, भाव करण्याइतकं शाबूत.

मी कागद गुडघ्यावर ठेवला आणि त्या वाक्यावर काट मारली. डाव्या हाताने अक्षरं वाकडी येत होती. पहिली बाटली महागाची होती म्हणून मी ती खाली ठेवली, असं लिहिलं. मग दुसरी उचलली. तोवर श्री. पिंपळखुटे यांनी तोंडावरचे हात काढले होते. मी ते पाहिलं आणि नेम धरून फेकली.